कोर्डोबा दूर आहे, मिरज जवळ आहे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



मला आज शिक्षणावर बोलायला सांगितले आहे. शिक्षणावर भाषणे पुष्कळ होतात आणि ती ऐकून घरी गेल्यावर आपण सारे पूर्वीसारखेच वागतो. म्हणून मी आज भाषण करणार नाही. आमच्या शाळेची नववीची मुले-मुली शनिवार-रविवारी मिरज-सांगलीला जाऊन आली, त्याची हकिकत सांगणार आहे. त्यातून शिक्षणाविषयी काही निघाले तर ते आपण घ्यावे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आमचा एक जुना विद्यार्थी शाळेत भेटायला आला. पुण्यातल्या कंपनीने त्याला कामासाठी स्पेनमध्ये माद्रिदला पाठविले होते. सुट्टीचे दोन दिवस मिळाले तेव्हा तो आगगाडीत बसला आणि दोन तासांच्या आत कोर्डोबाला पोहोचला. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना हे गाव 'कुर्तुबा' या नावाने माहीत आहे. कवी इक्बाल १९३३ साली तेथे गेले होते आणि तेथल्या मशिदीवर त्यांनी दीर्घ कविता लिहिली, हेही त्यांना ठाऊक असेल.

मी त्याला वर्गावर नेले. त्याने मुलांना सांगितले, की तेथल्या नदीचे आजचे नाव ग्वादलकिवीर. पण ते मूळ अरबी 'वादी अल्-कबीर', म्हणजे मोठी नदी, यावरून आले आहे. गल्ल्या अरुंद, घरे पांढरी, घराच्या मधोमध चौक आणि चौकात फुलझाडांच्या कुंड्या. मशिदीचे बांधकाम इ.स. ७८५ च्या सुमारास सुरू झाले. १२३६ साली शहर कॅस्टिलच्या राजाकडे गेले आणि मशिदीचे चर्च झाले. पण दगडी खांबांचे ते रान आणि त्यावरच्या तांबड्या-पांढऱ्या कमानी अजून उभ्या आहेत. जगभरची माणसे ते पाहायला येतात. संध्याकाळी सारे गाव रस्त्यावर असते, म्हणाला. कोणी गातो, कोणी वाजवतो, म्हातारी माणसे बाकावर बसून गप्पा मारतात.

त्याचे सांगून झाल्यावर मी दोन नावांची भर घातली. एक झिर्याब. हा गवई बगदादचे शिक्षण घेऊन ८२२ साली कोर्डोबाला आला. ऊद या वाद्याला पाचवी तार त्याने जोडली असे सांगतात. दुसरे अल्-झहरावी. हा शल्यवैद्य १०१३ साली वारला. त्याने वैद्यकावर तीस भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रे काढली. जनावराच्या आतड्याची तात वापरून पोटातले टाके घालण्याची रीत त्यात आहे. पुढे या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातले वैद्य कित्येक शतके त्यावर शिकले. एका गावात तारेवर गाणे वाजविणारा होऊन गेला आणि त्याच गावात तातेने जखम शिवणाराही.

हे ऐकल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, असलं गाव आपण कधी बघणार?"

मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात. शनिवारी सकाळच्या गाडीने."

वर्ग हसला. पण मी थट्टा करत नव्हतो.

सहलीची चिठ्ठी घरोघर गेली. खर्च शक्य तितका कमी ठेवला होता. तरीही पालकांचे निरोप यायला लागले. एका वडिलांनी विचारले, "सर, मिरज काय बघायचं? तिथे आम्ही दवाखान्याला जातो." एका आईने विचारले, "दोन दिवसांत मार्क किती वाढतील?" आणि मुलींच्या घरून पुष्कळांचा एकच निरोप आला, "मुलीला रात्रभर बाहेर ठेवणे आमच्यात नाही." त्या सर्व घरी आमच्या बाई स्वतः गेल्या. दोन आज्या आणि एक मावशी आमच्याबरोबर येतील असे ठरले, तेव्हा काही मुलींना परवानगी मिळाली. काहींना शेवटपर्यंत मिळाली नाही. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, ती त्यांतलीच. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवतो.

सातारा स्टेशन गावापासून दूर, माहुलीला. थंडीत पहाटे सारी मंडळी गोळा झाली. कोरेगाव, रहिमतपूर, कराड मागे पडले आणि मुले खिडकीशी बसून स्टेशनांची नावे वहीत लिहू लागली. मी त्यांना म्हणालो, तुमच्या आजोबांचा जुना दाखला घरात असेल तर काढून पाहा, त्यावर कदाचित 'जिल्हा दक्षिण सातारा' असे असेल. १९४९ साली हा जिल्हा सातारा जिल्ह्यातून आणि विलीन झालेल्या संस्थानांतून तयार झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. म्हणजे आपण परगावी चाललो नव्हतो, थोरल्या भावाच्या घरून धाकट्याच्या घरी चाललो होतो. किर्लोस्करवाडी आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली जेथे कारखाना काढला तो हा माळ. मग भिलवडी, सांगली आणि मिरज.

मिरजेच्या फलाटावर मी मुलांना पाच मिनिटे उभे केले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते, तेव्हा पाण्याच्या टाक्यांची गाडी याच जंक्शनातून सुटली होती. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पुढे पन्नास लागल्या. ज्या कृष्णेने २००५, २०१९ आणि २०२१ साली सांगलीच्या घरात पाणी शिरविले, तिचेच पाणी रुळांवरून तहानलेल्या गावाला गेले. मुलांनी हे लिहून घेतले. भूगोलाचा धडा पुस्तकात असतोच. पण रूळ समोर दिसत असताना तो वेगळा वाटतो.

मिरज हे जुने गाव. आदिलशाहीत त्याला महत्त्व होते, पुढे मोगल आले, १७३९ साली आपल्या साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी किल्ला घेतला, त्यानंतर पटवर्धनांचे संस्थान झाले. पण आम्ही आधी गेलो ते ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यावर. तेथल्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. हे मी सांगितल्यावर मुले एकमेकांकडे पाहू लागली. आपल्याकडे कोणाचा मान पहिला यावरून किती भांडणे होतात, हे लहान मुलांनाही कळते.

त्याच आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब मूळचे उत्तरेकडील किराण्याचे, जन्म १८७२ चा. आजारातून बरे झाल्यावर या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा जडली, असे सांगतात. मिरज त्यांचे गाव झाले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी ते मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत एका लहान स्टेशनावर वारले. पण विसावले ते मिरजेत. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची मोठी बैठक भरते आणि मोठमोठे गवई येथे येऊन हजेरी लावतात. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेतच जन्मली. स्त्रीने गाणे हे चांगल्या घराचे लक्षण मानले जात नव्हते, त्या काळात हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि अदबीने केल्या. त्याच १९०५ साली बालगंधर्व मिरजेत 'शाकुंतला'त उभे राहिले. त्याआधी विष्णु दिगंबर पलुसकर येथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकले आणि येथून निघून त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. एवढ्याशा गावातून किती वाटा फुटल्या!

आणि झहरावीचे काय, असे एका मुलाने विचारले. मी म्हटले, चल. विल्यम वानलेस नावाचे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर १८८९ साली या भागात आले. १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले आणि १८९७ साली वैद्यकीय शाळा काढली. आज येथे जे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते १९६२ सालचे. 'मिरजेला दवाखान्याला जातो' असे जे आपण म्हणतो, त्याच्यामागे सव्वाशे वर्षांची ही तपश्चर्या आहे. गवई आणि शल्यवैद्य दोघेही एका गावात, असे मी कोर्डोबाबद्दल म्हणालो होतो. ते आपल्या ताटातही वाढलेले होते, आपण पाहिले नव्हते एवढेच.

आता मुख्य गोष्ट. दुपारी आम्ही सतारमेकर गल्लीत गेलो.

गल्लीत शिरले की भिंतीला टेकवलेले मोठाले वाळलेले भोपळे दिसतात. हे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. लाकूड तुणीचे. भोपळा कापायचा, त्यावर तबली बसवायची, दांडी जोडायची, कोरीव पाने लावायची, लाखेचे रोगण चढवायचे, खुंट्या, मणी, घोडी आणि शेवटी तारा. सुमारे १८५० च्या काळात फरीदसाहेब सतारमेकर यांनी ही कला येथे सुरू केली. त्यांचे घराणे मुळात शिकलगारांचे, हत्यारे घडविणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्यांचे. लढाया संपल्या, तलवारीला गिऱ्हाईक राहिले नाही. तेव्हा ही माणसे नशिबाला दोष देत बसली नाहीत. तोच हात, तीच नजर त्यांनी सतारीकडे वळविली. आज भारतभरचे गवई मिरजेचा तंबोरा मांडीवर घेतात आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

एका वृद्ध उस्तादांनी आम्हांला आत बसविले. ते जवारी लावत होते. घोडीचा माथा कानशीने असा घासायचा, की तार त्यावर नुसती टेकू नये, थरथरत राहावी. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा. केसभर इकडेतिकडे झाले की आवाज मुका होतो. मुले विचारत होती, हे मोजतात कशाने? ते हसले आणि जवळच्या मुलाला म्हणाले, "बेटा, कान पास ला." त्याने कान जवळ नेला. त्यांनी धागा सरकविला आणि खोलीत जो आवाज भरला, तो ऐकून सगळी मुले गप्प झाली.

त्या मुलांत एक मुलगा होता. वर्गात तो सहसा बोलत नाही. गणितात कसाबसा पास होतो. त्याचे वडील सुतारकाम करतात. तो पुढे सरकला आणि विचारू लागला, "चाचा, ही पटाशी घरी धार लावता का बाहेर? तुणीला गाठ आली तर काय करता? ऊन लागलं तर दांडी वाकत नाही का?" उस्तादांनी हातातले काम ठेवले आणि त्याच्याशी अर्धा तास बोलले. निघताना त्यांनी विचारले, "हे कुणी शिकवलं तुला?" तो सरळ म्हणाला, "माझ्या अब्बांनी. ते मिस्त्री आहेत."

पालकहो, हे ऐकून मला माझी एक गोष्ट आठवली आणि ती मी आज येथे सांगतो. माझे वडील साताऱ्यात भांड्यांना कल्हई करत. गल्लीच्या तोंडाशी भाता मांडून बसत. नवसागराचा धूर निघायचा आणि काळे पडलेले पातेले त्यांच्या हातून चांदीसारखे होऊन बाहेर पडायचे. मी हायस्कुलात गेलो, त्या पहिल्या दिवशी वर्गशिक्षकांनी प्रत्येकाला वडिलांचा धंदा विचारला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "व्यापार." संध्याकाळी वडील माझी फी भरायला शाळेत आले. त्यांच्या हातांना राख लागलेली होती. सरांनी विचारले, "व्यापार कसला करता?" वडिलांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "भांड्यांचा, साहेब." घरी आल्यावर ते त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. पुढे मी शिकलो, शिक्षक झालो, ते वारले. मी त्यांची माफी मागितली नाही. मागायची राहून गेली.

आणि माझ्यासमोरचा हा चौदा वर्षांचा मुलगा छाती पुढे काढून 'माझे अब्बा मिस्त्री आहेत' असे म्हणत होता! त्या दिवशी मास्तर तो होता.

येथे कोणी म्हणेल, की मग मुलांना शिकवूच नये काय, पटाशीच हातात द्यावी? तसे नाही. मीही उस्तादांना विचारले, तुमच्यामागे हे कोण चालविणार? ते म्हणाले, "मुलगा शिकला. पुण्याला नोकरीला आहे. ते चांगलंच झालं, मीच त्याला शिकवलं. पण हा बाक रिकामा होणार, त्याचं वाईट वाटतं ते वाटतंच." आता मोबाईलवर तंबोरा वाजतो, विजेची पेटी मिळते, बटण दाबले की झाले. गाणे शिकणारा पोर हजारो रुपयांचा तंबोरा का घेईल? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. पण एक गोष्ट दिसते. शिकलगाराचा सतारमेकर झाला, तेव्हा त्याने जुने हुनर लपविले नाही, त्याच्याच जोरावर नवे उभे केले. आपला मुलगा इंजिनिअर होवो, पण आपल्या घरात कानस कशी धरतात हे त्याला माहीत असो. ज्याला हे माहीत आहे तो इंजिनिअर अधिक चांगला होईल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

रविवारी आम्ही सांगलीला गेलो. ज्या गावात विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' करून मराठी नाटकाची सुरुवात केली, ते हे गाव. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा. पुलावर मुलांनी पुराच्या पाण्याची उंची डोळ्यांनी अदमासली. मग हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर बसून आम्ही भाकरी खाल्ली. सांगलीची हळद पूर्वी जमिनीखालच्या ज्या पेवांत साठवत, ती या हरिपूरची. पण त्या गावाचे आणखी एक लेणे म्हणजे नाटककार गोविंद बल्लाळ देवल. त्यांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने कोवळी मुलगी म्हाताऱ्याला देऊ पाहणाऱ्या बापाची ती गोष्ट. पुष्कळांना वाटते, की बालविवाहाला आळा घालणारा 'शारदा कायदा' या नाटकावरून आला. तसे नाही. तो कायदाही १९२९ सालचाच, पण ते नाव तो मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांचे. तरी लोकांची ही चूक गोड आहे. नाटकातल्या मुलीचे दुःख त्यांच्या मनात इतके रुजले, की कायदाही त्यांना तिचाच वाटला.

संगमावर हे सांगत असताना, आमच्याबरोबर आलेल्या आज्यांपैकी एक मध्येच म्हणाल्या, "सर, माझं लग्न झालं तेव्हा मी चौदाची होते. साताऱ्याच्या पलीकडे मी आज पहिल्यांदा आले." मुली एकदम त्यांच्याभोवती जमल्या. कोणीतरी त्यांना नदीत पाय सोडायला नेले. त्या पाण्यात उभ्या राहून कितीतरी वेळ हसत होत्या. त्या नातीवर नजर ठेवायला आल्या होत्या. पण सहल झाली ती त्यांची.

परत आल्यावर सोमवारी मी वर्गावर गेलो. प्रश्न विचारणारी ती मुलगी नेहमीच्या जागी होती. मैत्रिणीची वही घेऊन ती स्टेशनांची नावे उतरवून घेत होती. सातारा ते मिरज, एकही न वगळता. मला पाहून तिने वही मिटली. मी काही बोललो नाही. काय बोलणार?

तिचे वडील आज या सभेत आहेत की नाहीत, मला माहीत नाही. असले तर त्यांना मी दोष देत नाही. काळजी कोणत्या बापाला नसते? पण माझी त्यांना आणि आपणा सर्वांना हात जोडून विनंती आहे. पुढच्या वर्षी आपण मुलीला एकटी पाठवू नका, आपणही या. आई या, आजी या, वडील या. आपल्या हाताचे काम तेथे मुलांना समजावून सांगा. मोटार दुरुस्त करणारे असाल तर किर्लोस्करवाडीत तुम्ही आमच्यापेक्षा चांगले शिकवाल. शिंपी असाल, बागवान असाल, गवंडी असाल, तर जुन्या इमारतीपुढे, बाजारात तुमच्या मुलाला तुमच्याकडूनच ऐकू द्या.

'मार्क किती वाढतील' असे विचारणाऱ्या भगिनींना मी तेव्हा उत्तर दिले नव्हते. आज देतो. बाई, मार्क वाढले की नाही हे मी सांगू शकत नाही. पण शाळेच्या अर्जात 'पालकाचा व्यवसाय' हा रकाना जो मुलगा कोरा सोडत असे, त्याने या वर्षी तो स्वच्छ अक्षरात भरला आहे. तो अर्ज मी जपून ठेवला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी एक दिवस कोर्डोबालाही जाईल. जरूर जा. त्या कमानींखाली उभे राहून झिर्याबची आणि झहरावीची आठवण काढा. पण तेथे कोणी विचारले, की तुमच्या गावाकडे पाहण्यासारखे काय आहे, तर मान खाली घालू नका. मिरजेचे नाव सांगा, सांगलीचे सांगा, आपल्या साताऱ्याचे सांगा. आणि वडील काय करतात असे विचारले तर, मी जे केले ते करू नका.